भर उन्हातले पक्षी: पांढरं जळतं, काळं बुडतं, त्याचं काय करायचं

पाण्यातून वर आलेला एक खडक. खडकावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला आणि त्याच्या पायथ्याशी, हातभर अंतरावर, लहान बगळा मासोळीवर डोळा ठेवून उभा. वेळ दुपारी साडेबाराची. अशी जोडी रोज मिळत नाही, म्हणून मी दोनशेच्या आसपास फ्रेम मारल्या. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडल्या, तर बगळा म्हणजे भिंतीवर मारलेला चुन्याचा फटकारा आणि पाणकावळा म्हणजे डांबराचा गोळा. एकाच्या अंगावर पीस दिसेना, दुसऱ्याच्या तोंडावर डोळा सापडेना.

हे पहिल्यांदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण दर दोन-चार फेऱ्यांनंतर तेच. यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच: पहाटे जा. सल्ला खरा आहे, पण दुपारी साडेबाराला खडकासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि काढून झालेल्या फोटोंना तर त्याहून नाही.

मुळात ‘ऊन कडक होतं’ हे निदानच नव्हे. ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखं आहे ते. ताप कशाने आला हे बघितल्याशिवाय औषध देता येत नाही. उन्हातल्या फोटोचे किमान चार-पाच वेगवेगळे आजार असतात, काही बरे होतात, काही होत नाहीत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की फोटो आणखी बिघडतो. मी कित्येक महिने सगळ्यांना एकच काढा पाजत होते: हायलाइट्स (उजळ भाग) उणे शंभर, शॅडोज (सावल्या) अधिक शंभर, वर चिमूटभर क्लॅरिटी (बारीक कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर). त्यातून निघालेले पक्षी मेणाच्या संग्रहालयातले वाटायचे.

आधी पाच मिनिटं तपासणी

रॉ फाइल (सेन्सरने नोंदलेली, कॅमेऱ्याने न शिजवलेली मूळ माहिती) उघडा, शंभर टक्क्यांवर मोठी करा आणि एक्स्पोजरचा स्लायडर तात्पुरता दोन स्टॉप खाली ओढा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फोटो काळाकुट्ट होईल, होऊ द्या. नजर फक्त पांढऱ्या भागावर ठेवा. तिथे पिसांच्या रेघा उमटल्या तर माहिती जिवंत आहे, पुढचं सगळं आवरता येईल. तो भाग सिमेंटच्या गिलाव्यासारखा नुसता सपाट करडा झाला तर तिथे काही नोंदलंच गेलेलं नाही. स्लायडर परत जागेवर आणा आणि कर्सर त्या जागी नेऊन लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे बघा. तिन्ही टोकाला टेकले असतील तर तो भाग गेला. एखादा चॅनेल अजून टोकाच्या आत असेल तर सॉफ्टवेअर त्याच्या आधाराने बाकीच्यांचा अंदाज बांधू शकतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये यासाठी हायलाइट रिकन्स्ट्रक्शनची वेगळी सोय आहे, लाइटरूममध्ये हायलाइट्सचा स्लायडर हेच काम गुपचूप करतो.

मग उलटा प्रयोग. एक्स्पोजर तीन स्टॉप वर ओढा आणि सावलीतला भाग बघा. दाणेदार का होईना, पिसं दिसली तर हरकत नाही. पिसांऐवजी जांभळट ठिगळं आणि आडवे पट्टे दिसले तर त्या सावलीला हात लावू नका, तिला काळीच राहू द्या.

तिसरी गोष्ट डोळ्याची कड. उजेड-सावली ठीक आहे, फोकसही डोळ्यावरच आहे, तरी कड वितळल्यासारखी दिसते. शिवाय लागोपाठच्या चार फ्रेममध्ये चोचीचा आकार किंचित बदलत जातो. मग तो उजेडाचा दोष नाही, तापलेल्या हवेचा आहे. अशा फोटोवर संध्याकाळ घालवण्याआधी खालचा झळांचा भाग वाचा.

रॉ नाही, कॅमेऱ्यानेच शिजवून दिलेला जेपेगच काढला असेल तर? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे उजेडाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगमध्ये २५५ वर टेकलेलं पांढरं परत येत नाही, कुणी काहीही सांगो. सावल्या थोड्या उचलता येतात, तेवढंच.

पांढरा पक्षी खडूसारखा येतो

या दुखण्याचं मूळ समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण अर्धवट सल्ला कानावर पडला होता: पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिकमध्ये ठेवायचं. का? तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर जे समोर येईल त्याला मध्यम करडं मानतं, त्यामुळे पांढरं काळवंडतं. बरोबर. पण हे केव्हा लागू होतं? बगळ्याने फ्रेम भरली असेल तेव्हा. माझ्या फोटोत बगळा फ्रेमच्या दहाव्या हिश्श्याएवढासुद्धा नव्हता. बाकी सगळं काळपट पाणी आणि ओला खडक. मीटरने बघितलं ते पाणी. ‘फार काळोख आहे’ असं ठरवून त्याने सगळंच उजळवलं, आणि त्यात बगळा होरपळला. म्हणजे तोच पक्षी, तेच ऊन. मोठा दिसत असताना कॉम्पेन्सेशन अधिक हवं आणि लहान दिसत असताना उणे. पक्षी चालत जवळ आला की चिन्ह बदलतं. हा हिशेब व्ह्यूफाइंडरला डोळा लावून दर वेळी करणं माणसाला जमत नाही.

म्हणून मी जुन्या फिल्मवाल्यांच्या हिशेबाकडे वळले. निरभ्र उन्हात, सूर्य पाठीशी असताना, एफ/१६ ला (हा भिंगाच्या छिद्राचा आकडा) शटर आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याएवढं. आयएसओ ४०० असेल तर १/४०० सेकंद. तेच एफ/८ ला नेलं तर दोन स्टॉप, म्हणजे १/१६००. झगझगीत पांढऱ्या पक्ष्याला त्याहून अर्धा ते एक स्टॉप कमी, म्हणजे १/२५०० च्या आसपास. आता माझा साडेबाराचा फोटो बघा. आयएसओ ८००, एफ/६.३, शटर १/२०००. हिशेबाने १/५००० हवं होतं. म्हणजे बगळ्याची सवलत न धरताही सव्वा स्टॉपहून जास्त उजेड मी आत घेतला होता. ऊन नाही, मीटरवर टाकलेला भरवसा नडला.

आता हातात आलेला फोटो कसा सावरला ते सांगते. दोन स्टॉप खाली ओढल्यावर बगळ्याची पाठ आणि डोक्याचा माथा गिलावा झाले, पण छाती, मान आणि सावलीकडची कूस यांत पिसं होती. त्यामुळे फोटो टाकून दिला नाही.

पहिली पायरी प्रोफाइलची. सॉफ्टवेअर फाइल उघडतं तेव्हा आपण न मागता तिच्यावर कॉन्ट्रास्ट चढवतं. तो आधी उतरवायचा. लाइटरूममध्ये अडोबी न्यूट्रल किंवा कॅमेऱ्याचं न्यूट्रल प्रोफाइल, डार्कटेबलमध्ये फिल्मिक किंवा सिग्मॉइडमधला कॉन्ट्रास्ट कमी. इतक्यानेच बगळ्याच्या मानेवर बारीक छटा दिसायला लागली. बरेच जण ही पायरी गाळून थेट स्लायडरशी झुंजत बसतात.

मग एक्स्पोजर उणे ०.७ आणि हायलाइट्स उणे ६० च्या आसपास. उणे १०० पर्यंत जायचा मोह होतो, कारण प्रत्येक पायरीला आणखी एखादं पीस दिसतं. पण एका टप्प्यानंतर पांढरं हे पांढरं राहत नाही. धुऊन धुऊन करडी पडलेली चादर असते ना, तसं दिसतं. बगळ्याच्या उन्हातल्या पिसांचा आकडा २५५ पैकी २३५ ते २४५ च्या दरम्यान राहिला पाहिजे. त्याखाली गेला की पक्षी आजारी वाटतो. पिसांचा पोत हवा असेल तर तो हायलाइट्स आणखी पाडून मिळत नाही, टोन कर्व्हच्या (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या हलवायच्या रेषेच्या) वरच्या चतुर्थांशात मिळतो. वरचं टोक जागेवर ठेवायचं, तीन-चतुर्थांशावर एक बिंदू किंचित खाली ओढायचा. पांढऱ्या आणि जरा-कमी-पांढऱ्यातलं अंतर वाढतं, आणि डोळ्याला पीस दिसतं ते त्या अंतरामुळेच.

पाठीवरच्या मेलेल्या पट्ट्याचं मात्र काही झालं नाही. त्यावर करडा ब्रश फिरवून बघितला. रंग बसला, पोत कुठून येणार? प्लास्टर लावलेला बगळा झाला. तो ब्रश पुसून टाकला आणि पट्टा तसाच पांढरा सोडला. पाठीवरून ऊन सांडतंय असं बघणाऱ्याला वाटतं, आणि ते खोटंही नाही. चेहऱ्यावर असता तर फोटो गेलाच असता.

एक बारकावा राहिला. काळ्या पाण्यासमोरच्या पांढऱ्या कडेला जांभळी-हिरवी किनार आली होती. ही भिंगाची करामत, कडक उजेडात जास्त उठून दिसते. डिफ्रिंजचा स्लायडर त्यासाठीच आहे. तो सगळ्यात शेवटी आणि जपून वापरा, नाहीतर बगळ्याच्या डोळ्यापुढच्या उघड्या कातडीचा रंगही त्यात धुतला जातो.

काळा पक्षी भोकासारखा दिसतो

पांढऱ्या आणि काळ्या पिसांच्या उजळपणात, दोघांवर सारखंच ऊन असलं तरी, साधारण चार ते पाच स्टॉपचं अंतर असतं. उन्हातून सावलीत आणखी तीनेक स्टॉप उजेड उतरतो. पाणकावळ्याची पोटाकडची बाजू सावलीत होती, म्हणजे त्याचं पोट आणि बगळ्याची पाठ यांत सात-आठ स्टॉपचा फरक. आजच्या चांगल्या सेन्सरला कमीत कमी आयएसओवर बारा-तेरा स्टॉप झेपतात, त्यामुळे घाबरण्यासारखं खरं तर काही नाही. पण आयएसओ दुप्पट केलं की त्यातला जवळजवळ एक स्टॉप जातो. भर उन्हात आयएसओ ८०० ठेवणं ही माझी दुसरी चूक. सकाळी झाडीत ठेवलेलं आयएसओ दुपारी बदलायचं राहून गेलं होतं, दुसरं कारण नाही.

इथे सार्वत्रिक शॅडोज वर ओढू नका. ओढल्या की पक्ष्याबरोबर खडक, पाणी, खडकाखालची फट सगळंच वर येतं आणि फोटोवर राख उधळल्यासारखी दिसते. फक्त पक्ष्याचा मास्क करा, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागेल अशी निवड. लाइटरूममध्ये २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका टिचकीत विषय निवडणारा मास्क आला, तेव्हापासून हे काम खूप हलकं झालं. पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. माझ्या फोटोत त्याने पाणकावळा छान पकडला, चोचीचं टोक मात्र सोडलं. बगळ्याचे तर दोन्ही पाय गिळले, कारण ते पाण्याइतकेच काळे होते. चोच, पाय आणि पंखांची टोकं मोठी करून बघायची आणि ब्रशने हाताने जोडायची. नाहीतर उजळ पक्ष्याला काळं टोक राहतं आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते कळतही नाही.

मास्कच्या आत एक्स्पोजर अधिक ०.७, शॅडोज अधिक ३०, आणि ब्लॅक्स किंचित उणे. ब्लॅक्सचं महत्त्वाचं. काळा पक्षी शेवटी काळा दिसला पाहिजे. त्याला उजळवायचं नाही, त्याच्या अंगावरची चमक बाहेर काढायची. पाणकावळ्याच्या पाठीला उन्हात हिरवट-कांस्य झाक असते. ती दिसली की थांबायचं. यानंतर नॉइज काढायचा तोही मास्कपुरता, कारण दाणे उचललेल्या भागातच असतात.

पक्ष्याभोवती फिकट कडं दिसायला लागलं तर हात जास्त चालला समजा. शॅडोज, क्लॅरिटी आणि डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) हे तिघं मिळून ते कडं तयार करतात. उन्हातल्या फोटोला क्लॅरिटी आणि डीहेझ मी आता लावतच नाही. आधीच ज्याचा कॉन्ट्रास्ट डोक्यावरून गेलाय त्याला आणखी कॉन्ट्रास्ट कशाला?

डोळा मेलेला

सूर्य डोक्यावर असला की कपाळाची सावली डोळ्यावर पडते. गरुडासारख्या शिकारी पक्ष्यांना डोळ्यावर हाडाची कड असते, त्यांचे तर दुपारी डोळे झाकलेलेच राहतात. दुरुस्ती मर्यादित आहे: बुबुळाभोवती छोटा मास्क, एक्स्पोजर अर्धा स्टॉप वर, बस. काही जण पांढरा ठिपका रंगवून खोटी चमक घालतात. मला ते पटत नाही, आणि ज्याची नजर तयार आहे त्याला ते लगेच कळतं, कारण ठिपका सूर्याच्या दिशेशी जुळत नाही.

खरा उपाय फ्रेम निवडण्यात आहे. पक्षी वरचेवर मान कलती करून एका डोळ्याने आभाळ न्याहाळतो, घारी-ससाण्याच्या भीतीने. त्या क्षणी डोळा थेट उजेडात येतो. दोनशे फ्रेममध्ये अशा चार-पाच सापडतातच. मी आता फोटो निवडताना पिसं बघतच नाही. आधी डोळा, मग बाकी. कधी डोळ्यावर निळसर-करडं धुकं दिसतं, तेव्हा मात्र दोष उजेडाचा नसतो. पक्ष्याची तिसरी पापणी आडवी सरकलेली असते. पुढची फ्रेम घ्या.

झळा

याला औषध नाही, हे आधीच सांगते. तापलेल्या जमिनीवरची हवा थराथराने वेगवेगळी तापते, प्रत्येक थरात प्रकाश जरासा वाकतो, आणि ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून ते सगळं वाकणं मोठं होऊन येतं. शार्पनिंग केलं की वितळलेली कड जास्त ठळक वितळलेली दिसते, एवढंच. यात टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारं जोडभिंग) लावणं म्हणजे धुक्यात दुर्बीण लावणं.

जवळ जाणं, हा एकच खरा उपाय. ते जमत नसेल तर निदान रेषा बदला. तापलेल्या मुरुमावरून, डांबरावरून किंवा वाळूवरून आडवं बघू नका. गवतावरून किंवा उंचावरून बघा. गाडीतून फोटो काढत असाल तर एसी बंद करून काच पूर्ण खाली घ्या आणि काही वेळ थांबा. खिडकीत गार आणि गरम हवा मिसळते तिथेच झळा तयार होतात; पक्षी दहा मीटरवर असला तरी फोटो मऊ येतो. मी तर लेन्स बिघडली समजून दुरुस्तीला नेली होती. इंजिन चालू असेल तर बॉनेटवरून कधीच बघू नका. आणि हे काहीच शक्य नसेल तर लांब बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून ठेवून लागोपाठ फ्रेम घ्या. हवा क्षणभर स्थिर होते, वीस फ्रेममध्ये एखादी स्वच्छ निघते.

रंग विचित्र

भर दुपारचं ऊन साधारण ५२०० ते ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळा). सावलीत मात्र उजेड निळ्या आभाळाचा, तो ७००० च्याही पुढे. त्यामुळे पांढऱ्या पक्ष्याची उन्हातली बाजू पांढरी आणि सावलीतली निळसर येते. संपूर्ण फोटोचं व्हाइट बॅलन्स हलवलं की उन्हातली बाजू पिवळी पडते. सावलीच्या बाजूला वेगळा मास्क करून तेवढ्यालाच ऊब द्या, पण पूर्ण नाही. थोडी निळसर सावली डोळ्याला खरी वाटते. झाडाच्या पानोऱ्याखाली बसलेल्या पक्ष्यावर हिरवी झाक येते, ती टिंट किंचित मॅजेंटाकडे नेऊन जाते.

लालभडक पक्ष्यांचा दोष वेगळा आहे. फोटो उजळ वाटत नाही, साधा हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख) टोकाला टेकत नाही, तरी छातीवरची पिसं लाल रंगाच्या डबक्यासारखी सपाट. साध्या हिस्टोग्राममध्ये उजळपणा मोजताना हिरव्याला सगळ्यात जास्त वजन असतं, लालला बरंच कमी, निळ्याला सगळ्यात कमी. एकटा लाल चॅनेल फुटला तरी तो आलेख शांत बसलेला असतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवा. फाइलमध्ये लाल जिवंत असेल तर लाल आणि नारिंगीचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स थोडं उतरवलं की पिसं परत दिसतात.

शिंजीरासारख्या चमकत्या पक्ष्यांबद्दल एकच. त्यांचा रंग पिसांच्या बारीक रचनेतून येतो, कोन चुकला की तो काळाच दिसतो. त्याला सॉफ्टवेअरमध्ये रंग देऊ नका; पक्ष्याने मान वळवलेली फ्रेम शोधा.

पुढच्या वेळी तिथेच उभं राहिल्यावर

मॅन्युअल मोड, म्हणजे छिद्र, शटर, आयएसओ सगळं तुम्हीच ठरवायचं. निरभ्र दुपारी पक्ष्यावर पडणारं ऊन तासभर बदलत नाही; बदलते ती मागची बाजू. आभाळ, झाडी, पाणी. मीटर त्या मागच्या बाजूला बघून दर वेळी मत बदलतं, तुम्ही बदलू नका. एफ/८, आयएसओ ४०० ला पांढऱ्यासाठी १/२५००, साध्या रंगाच्या पक्ष्यासाठी १/१६००, काळ्यासाठी १/८०० ते १/१०००. हे तीन आकडे तळहातावर लिहून ठेवा. पांढरा आणि काळा शेजारी असतील तर पांढऱ्याचा आकडा. सावली उचलता येते, जळालेलं पांढरं येत नाही. ढग आला, ऊन तिरकं झालं की नवा हिशेब.

मॅन्युअल नको वाटत असेल तर तुमच्या कॅमेऱ्यात उजळ भागाला महत्त्व देणारं मीटरिंग आहे का बघा. निकॉनने २०१४ च्या डी८१० पासून ते दिलं. ते पांढऱ्याला वाचवतं, बाकीचं काळोखात ढकलतं. रॉ काढत असाल तर सौदा वाईट नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकणारा हायलाइट अलर्ट आणि हिस्टोग्राम हे दोन्ही आतल्या जेपेगवरून काढलेले असतात, रॉवरून नाही. म्हणजे लुकलुकलं तरी रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. किती, हे कॅमेऱ्यागणिक वेगळं, आणि दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नये. एखाद्या दुपारी पांढरा टॉवेल उन्हात वाळत घाला, टर्किशच हवा, त्याला पिसांसारखे धागे असतात. लुकलुकायला लागेल तिथून तिसऱ्या हिश्श्याच्या पायरीने उजळ करत सात-आठ फोटो काढा आणि घरात येऊन रॉमध्ये बघा, धागे कितव्या फोटोत मरतात ते. माझ्या कॅमेऱ्यात लुकलुक सुरू झाल्यावर पाऊण स्टॉप मिळतो. कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल न्यूट्रल केली की पडदा आणि रॉ यांतलं अंतर आणखी कमी होतं.

उभं कुठे राहायचं? स्वतःची सावली पक्ष्याकडे रोखा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि अजून काम होण्यासारखं आहे. सावली पायातच घोटाळत असेल तर बसलेल्या पक्ष्याचा नाद सोडा आणि उडणारे बघा, तेही फिकट वाळूवर किंवा उथळ पाण्यावर. खालून उसळलेला उजेड पंखांच्या पोटात शिरतो आणि सावली आपोआप भरून निघते. दुपारचे माझे जे दोन-चार फोटो जमले आहेत ते सगळे असे खालून उजळलेले. दुसरी वाट सावलीतल्या पक्ष्याची. झाडाच्या अखंड सावलीत बसलेला पक्षी आणि मागेही सावलीच, हे उत्तम. पानांतून कवडसे पडत असतील तर मात्र तिथे वेळ घालवू नका. पक्ष्याच्या अंगावर चित्त्यासारखे ठिपके पडतात आणि ते कुठल्याही मास्कने निघत नाहीत.

ढगाचा एखादा पुंजका सूर्याकडे सरकत असेल तर कॅमेरा खाली ठेवून थांबा. पातळ ढग म्हणजे फुकटचा भलामोठा डिफ्यूजर.

फ्लॅशबद्दल थोडक्यात. डोळ्यातली सावली भरायला उणे दीड-दोन स्टॉपवर चालतो, पण इतक्या वेगवान शटरला हाय-स्पीड सिंक लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. मग लोक फ्लॅशपुढे उजेड एकवटून लांब फेकणारं फ्रेनेल भिंग लावतात. ते लावून कॅमेरा उन्हात ठेवू नका. भिंग सूर्याचा उजेड उलटा फ्लॅशवर गोळा करतं आणि प्लास्टिक वितळतं. घुबडांवर आणि घरट्यावर तर फ्लॅश नकोच. पोलरायझर फिल्टरने ओल्या पानांची आणि पाण्याची चकाकी जाते, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो, आणि कोन बदलला की परत फिरवावा लागतो. उडत्या पक्ष्याला निरुपयोगी.

आणि दुपारी घरट्याजवळ जाऊ नका. भर उन्हात आई किंवा बाप पंख पसरून पिलांवर सावली धरून बसलेला असतो. तो तुमच्यामुळे उठला तर अंडी आणि पिलं थेट उन्हात पडतात, आणि त्यांना भाजायला फार वेळ लागत नाही. चोच उघडी ठेवून गळा थरथरवणारा पक्षी दिसला तर तो उन्हाने धापतोय. त्याला जागेवरून उठवून उडण्याचा फोटो मिळवू नये.

एवढं करूनही जमलं नाही तर

रंग काढून बघा. कडक उन्हातला फोटो रंगीत असताना कर्कश वाटतो, पण कृष्णधवलमध्ये त्याच उजेड-सावलीचा आकार होतो. सूर्य पक्ष्यामागे असेल तर उलट बाजूने जा: पक्षी पूर्ण काळा, कडेला उजेडाची रेघ, एवढंच ठेवा. सावली उचलायच्या भानगडीत पडू नका.

खडकावरच्या त्या जोडीचं शेवटी असंच झालं. बगळ्याची मान आणि छाती सावरली, पाठीचा पट्टा पांढराच ठेवला. पाणकावळ्याच्या पाठीवरची कांस्य झाक रंगीत फोटोत आली खरी, पण त्यासाठी इतकं उचलावं लागलं की खडकाच्या फटीत दाणे दिसायला लागले. मग रंग काढला, फट काळी पडू दिली. पसरलेले दोन काळे पंख आणि खाली पांढरी उभी रेघ, एवढंच उरलं. दोनशेतली ही एक फ्रेम ठेवली, कारण तिच्यात बगळ्याने मान वर करून आभाळाकडे बघितलं होतं आणि त्याच्या डोळ्यात सूर्याचा ठिपका होता.